तीनदा विचारलं होतं

आये, परवा नात येऊन गेली. तू तिला पाहिलं नाहीस, माझ्या थोरल्याची मुलगी. मुंबईला सिनेमाच्या कामात आहे, डायरेक्टरच्या हाताखाली. जेवताना तिच्या कामाचं सांगत होती. एका नटीवर जबरदस्ती होते असा प्रसंग घ्यायचा होता, तर म्हणे आधी दोन दिवस तिला समोर बसवून सगळं सांगितलं. कोण कुठे हात लावणार, कोण किती ओरडणार, आणि तिनं ठरलेला शब्द उच्चारला की कॅमेरा तिथल्या तिथे बंद. मला बरं वाटलं ऐकून. मग ती म्हणाली, "आजी, तुमच्या काशीदला ते शूटिंग झालं, तेव्हा पणजीला कुणी काही विचारलं तरी होतं का गं?" मी तिच्या पानात आमटी वाढत होते. म्हटलं, "कुठलं विचारतायत! तेव्हाचे लोक तसलेच." ती "बघ ना" म्हणाली आणि भात कालवायला लागली. तिला काय, ती गेली निघून. मी मात्र दोन दिवस नुसती घरातल्या घरात फिरते आहे. सांगू का, दमले मी. ही एक गोष्ट पन्नास वर्षं एकाच खोट्या रीतीनं सांगत आले, आणि आता ती सांगायचाही कंटाळा आलाय. म्हणून आज कागद घेतला.

तुला ठाऊक असलेलंच आधी लिहिते, म्हणजे हात जरा मोकळा होईल. बाबा गेले ते कार्तिकातल्या त्या तुफानात. मचव्यावर चौघे होते. दोघांची प्रेतं तिसऱ्या दिवशी कोर्लईच्या बाजूला लागली, बाबा आणि एक असे दोघे लागलेच नाहीत. सगळ्या पाड्यानं समजून घेतलं, तू तेवढी नाही. आपल्यात लग्नात नवरीच्या उजव्या हातातला काचेचा चुडा दर्याला देतात, धन्याला सांभाळ म्हणून. काचेच्या बांगड्या राहतात त्या डाव्या हातात. तुझं म्हणणं एकच होतं, "उजव्या हाताच्या मी दिल्यान त्याला. घेतलान ना त्यानं? मग माजा मानूस त्यानं परत केला पायजे." बायका समजवायला आल्या की तू डावा हात पुढे करायचीस, हिरव्या सात बांगड्या वाजवून दाखवायचीस आणि म्हणायचीस, "बारा वर्सं हायत माज्याकडं." बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग गवताचा पुतळा करून त्याचे विधी करायचे, हे तुला कुणी भटजीनं सांगितलं होतं आणि ते तू घट्ट धरून बसली होतीस.

पहिली दोन वर्षं मीही तुझ्याबरोबर वाट पाहिली. पण पाच वर्षं होऊन गेली तेव्हा मला बावीस पुरी झाली होती. आपल्याच जातीतला मुलगा, माणगावच्या शाळेत मास्तर, माझ्यासारखाच सातवी होऊन ट्रेनिंग केलेला. दोनदा घरी येऊन गेला, दोन्ही वेळा तू त्याला मासे-भाकरी पोटभर वाढलीस आणि म्हणालीस, "बापूस येउंदे. बापसाबिगर पोरीचा हात कोन देनार?" त्याच्या घरच्यांनी फाल्गुनात निरोप धाडला की पावसाच्या आत काय ते ठरवा, नाहीतर आम्हाला दुसरी मुलगी सांगून आली आहे. तो निरोप मी तुला तीन वेळा सांगितला. तू जाळं विणत होतीस. मान वर केली नाहीस. तुझ्यावर मी इतकी कधी चिडले नव्हते, आये. बारा वर्षं म्हणजे मी एकोणतीसची होणार होते, आणि बारा वर्षांनी तू अजून एक काहीतरी शोधून काढणार याची मला खात्री होती.

आणि त्याच महिन्यात ती सिनेमाची माणसं आली. रेवदंड्याच्या खाडीवर पूल नव्हता, सामान मचव्यांतून आलं. पेट्या, छत्र्या, चंदेरी कागद लावलेल्या मोठाल्या फळ्या, सगळा गाव किनाऱ्यावर. हिंदी बोलपट होता, कोळ्यांवरचा. मी राष्ट्रभाषेची परीक्षा दिलेली, गावात हिंदी नीट समजणारी मी एकटी, म्हणून मला दुभाषी म्हणून ठेवलं. पहिल्याच दिवशी मुंबईची नटी नटूनथटून वाळूत येऊन बसली, दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. आपल्या बायका जे हसायला लागल्या! एकजण मोठ्यानं म्हणाली, "हिचा न्हवरा दर्यावर जातो का सोनाराच्या दुकानात?" डायरेक्टरसाहेबांनी मला विचारलं, का हसतात. मी उजव्या हाताचं सांगितलं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, प्रेक्षकांना काय कळतंय. त्यांनी काम थांबवलं. डोक्यावरची टोपी काढून वाळूवर बसले आणि मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं, चुडा कोण टाकतं, केव्हा टाकतं, आणि माणूस गेला तर मग डाव्या हाताचं काय करतात.

मी सांगितलं. की प्रेत किनाऱ्यावर आणतात, आणि ज्यांचे हात आधीच मोकळे झालेत अशा दोन म्हाताऱ्या बायका तिचा डावा हात धरतात आणि दगडावर बांगड्या फोडतात. ती स्वतः नाही फोडत. साहेबांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाले, हाच प्रसंग घ्यायचा आहे, पण या मुलीच्या हातानं नको, खऱ्या हातानं पाहिजे. चेहरा थोडा दिसेल, हात जवळून दिसेल. असं कोणी आहे का? मी तुझं नाव सांगितलं. कुणी मला सुचवलं नाही, कुणी भरीला घातलं नाही. तोंडातून तुझंच नाव आलं. नंतर मी स्वतःची समजूत घालत राहिले की तुझे हात रेखीव होते म्हणून सांगितलं. काय रेखीव! जाळ्याच्या दोरीनं चिरलेले हात ते.

ते आपल्या अंगणात आले, तुला आठवत असेल, तू सुकट वाळत घातली होतीस आणि कावळे हाकायला काठी घेऊन बसली होतीस. बाबांचं त्यांना एव्हाना कुणाकडून तरी कळलं होतं. त्यांचा स्वतःचा थोरला भाऊ फाळणीच्या गडबडीत लाहोरहून निघाला तो पोचलाच नव्हता, हे त्यांनी मला वाटेत सांगितलं. म्हणाले, माझ्या आईला असलं काही करायला मी सांगू शकलो नसतो, म्हणून यांना नीट विचारा. बांगड्या फोडायच्या आहेत हे स्पष्ट सांगा. स्वतःच्या आधी उतरवून ठेवायच्या, आम्ही आणलेल्या भरायच्या, आणि नको म्हणाल्या तर नको. मी तुला विचारलं. त्या पहिल्या वेळी मी तुला खरंच सगळं सांगितलं, आये, हे तरी माझ्या बाजूनं लिहून ठेवते. तू काठी आपटलीस आणि म्हणालीस, "मना न्हाय जमाचा. माज्या न्हवऱ्याचा खेल न्हाय करू देनार. त्या मानसाला च्या दे नि घालव." साहेब माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "कल बताएगी." त्यांनी चहा घेतला, कपबशी स्वतः विसळून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी परत विचारलं, माँजी काय म्हणाल्या? मी म्हटलं, हो म्हणाल्या. मग त्यांच्या बांगड्या उतरवून घ्या, असं ते म्हणाले. मला ठाऊक होतं की तू त्या उतरवायची नाहीस, हात कापलास तरी. मी म्हटलं, त्या म्हणतात की माझ्याच असू देत, मी नव्या भरीन नंतर. साहेबांना ते पटलं नाही. "सच?" म्हणाले. मी मान हलवली. आणि घरी येऊन तुला सांगितलं की बांगड्या फोडायच्या नाहीत, नुसता हात धरतील, दगडाजवळ नेतील, तेवढ्यात मशीन बंद करतात, पुढचं त्या नटीच्या हातावर घेणार आहेत. तू म्हणालीस, "नुस्ता धरनार?" मी म्हटलं, "नुसता धरणार." सगळा पाडाच त्यात काम करत होता, तुझ्या जावा, शेजारणी, नवी लुगडी नेसून. तू म्हणालीस, "मंग येतंय. तू सांगतंस तर येतंय." तुझं ते 'तू सांगतंस तर' मला अजून ऐकू येतं, भांडी घासताना, बसमध्ये, कुठेही.

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं ते अगदी काम सुरू व्हायच्या आधी. ऊन चढलं होतं. शिडाच्या कापडाखाली प्रेत म्हणून मुंबईचा एक नट भिजून पडला होता, त्याला तू आदल्या दिवशी भाकरी दिली होतीस, त्यामुळे त्याला बघून तू हसलीसही. तुझ्या दोन्ही बाजूंना त्या दोघी म्हाताऱ्या. त्यांना साहेबांनी माझ्याकडूनच सगळं समजावलं होतं, आणि त्यांच्यापासून मी काही लपवलं नाही. त्यांनी मला एवढंच विचारलं, "तुजी आये तयार हाय ना गो?" मी हो म्हटलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, लहानपणापासून ओळखत होत्या मला. मग साहेब चालत आले, तुझ्यासमोर वाळूत मांडी घालून बसले, आणि तुझ्याकडेच बघत मला म्हणाले, "माँजी से कहिए, किसी भी वक़्त लगे कि नहीं हो सकता, तो बस ये हाथ उठा दें. उसी दम सब बंद. फ़िल्म जाए तो जाए." त्यांनी स्वतःचा उजवा हात वर करून दाखवला. तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हटलं, "ऊन लय हाय म्हणतात साहेब. पाणी पाहिजे तर हात वर कर."

तू त्यांच्याकडे बघून हसलीस. "बरा मानूस हाय," म्हणालीस. त्यांना तो तुझा होकार वाटला. कुणालाही वाटला असता.

मग ते चालू झालं. तू रडायला लागलीस ते आपल्या रीतीनं, सूर लावून, आणि चांगलं रडलीस, साहेबांच्या शेजारचा माणूस डोळे पुसत होता. म्हाताऱ्यांनी हात धरला. दगडाजवळ नेला. तू थांबलीस, मशीन थांबायची वाट बघितलीस, मी पाहिलं ते. आणि पहिली बांगडी फुटली. तू हात ओढलास. दुसऱ्या म्हातारीनं उजवा हात दाबून धरला होता, रीतच आहे ती, बाई अंगावर ओरखडे काढून घेईल म्हणून धरतात. तू ओरडलीस, "नको गो! सोड माजा हात! त्यो जिता हाय गो, त्यो जिता हाय!" म्हाताऱ्यांना वाटलं, काम फार छान चाललंय. साहेब कॅमेऱ्यामागून गर्रकन माझ्याकडे वळले. "क्या कह रही हैं?" मी त्यांच्या अगदी जवळ उभी होते. मला फक्त एक शब्द उच्चारायचा होता. मी म्हटलं, "रो रही हैं, साहब. हमारे यहाँ ऐसे ही बोलते हैं." ते परत वळले. सातही फुटल्या.

नंतर कुणी टाळ्या वाजवायला लागलं, ते साहेबांनी हातानं थांबवलं. तू मनगटाकडे बघत होतीस. एके ठिकाणी काच लागून रक्त आलं होतं, थोडंसंच. तू विचारलंस, "झालं?" मी म्हटलं, "झालं." तू पदर खोचलास आणि घराकडे चालायला लागलीस. जावांनी त्याच दिवशी नव्या बांगड्या आणल्या, अगं तो खेळ होता, भर परत. तू म्हणालीस, "फुटल्या त्या फुटल्या. सगल्या गावानं बघितल्यान." जिथे पाच वर्षं कुणाचं काही चाललं नाही तिथे ते एका दुपारी झालं. पंधरा दिवसांत तू गवताच्या पुतळ्याचे विधी करून घेतलेस. माझ्याशी भांडली नाहीस. मला वाटलं होतं, भांडशील, आणि मी मग सगळं कबूल करीन. पाडा मात्र त्या डायरेक्टरच्या नावानं बोटं मोडत राहिला. शिनेमावाल्यानं बाईला फसवलान, मुंबईचे मेले असलेच. मी ऐकून घेत होते. कुणी विचारलं तर मान डोलावत होते.

वैशाखात ते एकटे आले. मोटार नाही, माणसं नाहीत. घामानं निथळत अंगणात उभे. तू माझ्या लग्नाचे तांदूळ निवडत होतीस. मुंबईला तो तुकडा पडद्यावर बघताना तिथल्या एका मराठी माणसानं त्यांना सांगितलं होतं, बाई काय ओरडते आहे ते. त्यांनी हात जोडले आणि मला म्हणाले, मी जे सांगतो ते शब्दाला शब्द सांगायचं. मी यांचा अपराधी आहे. मी तीनदा विचारलं, पण एकाच तोंडातून विचारलं, ही माझी चूक. गावात दुसऱ्या कुणाला विचारायला हवं होतं, नाहीतर मोडक्यातोडक्या भाषेत स्वतःच बोलायला हवं होतं. तो प्रसंग मी सिनेमातून काढून टाकला आहे, तो कुणालाही दिसणार नाही. मी तुझ्याकडे वळले आणि म्हटलं, "काम चांगलं झालं म्हणतात. आभार मानायला आलेत." तू म्हणालीस, "एवढ्या लांबून? बसाला सांग."

साहेब तुझ्या चेहऱ्याकडे बघत होते. आपण जे बोललो ते ऐकलेल्या बाईचा हा चेहरा नव्हे, हे त्यांना तिथल्या तिथे कळलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सुपातल्या तांदळाकडे पाहिलं. दारातल्या नव्या मडक्यांकडे पाहिलं. "शादी है?" म्हणाले. मी म्हटलं, हो, पुढच्या आठवड्यात. "आपकी?" हो. ते अंगणाच्या कडेपर्यंत गेले आणि परत आले. हाका मारून चार लोक गोळा केले असते तर त्यांचं नाव साफ झालं असतं, आणि माझं लग्नही मोडलं असतं. त्यांनी तुला परत एकदा नमस्कार केला, पाणी प्यायले आणि मुरुडच्या रस्त्याला लागले. त्यांनी ते कुणालाही सांगितलं नाही. ते गेले त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली, पेपरात चार ओळी आल्या होत्या.

माझा संसार चांगला झाला, हे तू पाहिलंसच. शेवटची दोन वर्षं तू इथे माणगावात माझ्याकडे होतीस. दर्या नाही, मासळी शिळी, तुला करमायचं नाही, पण कुरकुर केली नाहीस. एका सकाळी मी तुझे केस विंचरत होते, शाळेला उशीर होत होता. तू एकदम म्हणालीस, "त्या शिनेमावाल्यानं तवा मना काय इचारला व्हता गो? वालूत बसून?" मी म्हटलं, "आठवत नाही." तू म्हणालीस, "उनाचा, पान्याचा कायतरी व्हता." मी म्हटलं, "हो, तेच." मग म्हणालीस, "पान्याचा इचाराला एवढा मोठा मानूस वालूत कशाला बसंल?" मी वेणी घातली. तू आरसा मागितला नाहीस, उशीर होतोय, जा, म्हणालीस. मी गेले. संध्याकाळी तू तो विषय काढला नाहीस, मीही काढला नाही. त्यानंतर पावसाळ्यात तू गेलीस.

नातीला फोन करून खरं सांगावं असं दोन दिवस मनात येतंय. सांगेनही कदाचित. त्या माणसाचं नाव निदान एका घरात तरी नीट व्हावं. पण तिला सांगणं सोपं आहे, तिचं काही गेलेलं नाही. तुला सांगायचं तर नुसतं 'मी खोटं बोलले' एवढ्यावर भागत नाही. तू विचारशील, का. आणि मी एवढी वर्षं स्वतःला पढवलं आहे की तुझ्या भल्यासाठी, तू झुरत होतीस म्हणून, कुणीतरी तुला सोडवायला हवं होतं म्हणून. त्यातलं काही खरं नाही. मला लग्न करायचं होतं, आये. तुला लिहिता-वाचता येत नव्हतं. तुला आलेलं प्रत्येक पत्र मीच वाचून दाखवायची, आणि नको ते गाळून वाचायची. तू असतीस तर हेही मीच वाचून दाखवलं असतं, आणि ही एवढी ओळ गाळली असती.